दोन टिंबं, एक तिरकी रेघ

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली अकरा माणसं बाकावर बसली होती. फोन त्याच्या बायकोचा, वैशालीचा होता. "ताई, हेमंत गेला. आंघोळीला म्हणून आत गेला तो..." एवढंच ती बोलली आणि फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला. किती वाजता नेणार, असं मी विचारलं. अकरा वाजता, असं उत्तर आलं. मी फोन ठेवला आणि अकराही जणांचं रक्त घेऊन मगच रिक्षा बोलावली. यात मी काही मोठा धीर दाखवला असं नाही. मधुमेहाच्या माणसाला उपाशी परत पाठवता येत नाही, एवढंच. पण नंतरच्या दिवसांत मी त्या सकाळकडे बरेचदा वळले, कारण हातातलं काम आधी आणि बाकीचं नंतर ही माझी सवय त्या वर्षी मला आणि इतरांनाही महागात पडली होती. ते त्या सकाळी मला अजून पुरतं कळलेलं नव्हतं.

वसई गावात माझी लहानशी पॅथॉलॉजी लॅब आहे. पुढे काउंटर, मधे रक्त घ्यायची खोली, मागे यंत्रं आणि फ्रिज. हेमंत आमची वेबसाइट बघायचा. खाडीकडच्या गावातला, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. काही वर्षं त्याने मुंबईत नोकरी केली, मग घरूनच कामं घ्यायला लागला. दवाखाने, शाळा, लग्नाचे हॉल, ज्यांना ज्यांना साइट हवी असेल त्यांची तो करून द्यायचा आणि नंतर सांभाळायचाही. आमच्याकडे तो दर गुरुवारी दुपारी यायचा. मागच्या खोलीत फ्रिजशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बसायचा, लॅपटॉप मांडीवरच. मी टेबल देऊ केलं होतं, तर म्हणाला, "नको ताई, टेबल मिळालं की माणूस रोज यायला लागतो." चव्वेचाळीस वर्षांचा होता. बोलायचा कमी, आणि बोलला तर समोरच्याला आपलं अज्ञान लगेच कळेल असं बोलायचा. सुरुवातीला मला तो आवडला नव्हता.

साइट व्हायच्या आधी आमचे सगळे रिपोर्ट एका लोखंडी कपाटात असायचे. काउंटरवर ग्लोरिया बसते, जवळच्या नंदाखाल गावची. लॅबच्या पहिल्या दिवसापासून ती आहे आणि ते कपाट तिनेच लावलेलं. एकेका गावाला एक कप्पा, कप्प्यात आडनावाप्रमाणे खोके, खोक्यात पाकिटं. ही व्यवस्था उत्तम चालायची, कारण आमच्याकडे रिपोर्ट न्यायला ज्याचा त्याने यायची पद्धतच नव्हती. बाजाराला आलेली एखादी बाई काउंटरवर यायची आणि सांगायची, "आमच्या वाडीतले सगळे दे." ग्लोरिया पाच-सहा पाकिटं काढून तिच्या पिशवीत घालायची. संध्याकाळपर्यंत ती ज्याच्या त्याच्या घरी पोचलेली असायची, वाटेत दोघा-तिघांनी वाचूनही झालेली असायची. कोणाची साखर वाढली, कोणाचं रक्त कमी आहे, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे. पहिल्याच भेटीत हेमंतने हे बघितलं आणि विचारलं, "सही घेता का?"

"कोणाची?" ग्लोरियाने विचारलं.

"पाकीट नेणाऱ्याची."

"ती माझ्या मावशीची नणंद आहे. तिची सही कशाला? तुझी घेऊ का, तू कोणाचा कोण ते मला माहीत नाही."

हेमंत हसला, पण वहीत त्याने काहीतरी लिहून घेतलं.

साइट करताना मी एकच अट घातली. ग्लोरियाला नवं काही शिकावं लागता कामा नये. कपाट जसं आहे तसंच कंप्यूटरमध्ये बनव. हेमंतने दोनदा सांगून बघितलं की फोल्डरला माणसांची आणि गावांची नावं देऊ नयेत, साधे आकडे द्यावेत, नावांचा भरवसा नसतो. मी म्हटलं, आकडे ग्लोरियाच्या लक्षात राहणार नाहीत. तेव्हा त्याने बनवलं तसं: गाव, त्यात आडनाव आणि घर, त्यात रिपोर्ट. पेशंटच्या फोनवर एक लिंक जायची, ती उघडली की त्याच्या घराच्या फोल्डरमधले रिपोर्ट दिसायचे. दुसऱ्याचे दिसायचे नाहीत.

पहिले काही महिने गमतीचे गेले. सुरुवातीलाच एका पेशंटला रिपोर्टऐवजी पडद्यावर हेमंतच्या स्वतःच्या लॅपटॉपमधल्या फोल्डरचा सगळा पत्ता दिसला. त्यात हेमंतचं नाव, मग डेस्कटॉप, मग 'फायनल', मग 'फायनल दोन'. तो गृहस्थ लॅबमध्ये येऊन विचारायला लागला, हे हेमंत कोण डॉक्टर, आणि दोनदा फायनल का. हेमंतचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. घाईत त्याने साइटला फाइल शोधायला स्वतःच्या कंप्यूटरचा पत्ता देऊन ठेवला होता, तो सर्व्हरवर, म्हणजे साइट ज्या दूरच्या कंप्यूटरवर चालते तिथे, कुठून सापडणार. मग नाला सोपाऱ्याच्या लोकांच्या लिंका उघडेनात, कारण गावाच्या नावात मधे मोकळी जागा होती आणि मेसेजमध्ये लिंक 'नाला'पाशीच तुटायची. त्यानंतर कळंबची अर्धी माणसं गायब झाली. ग्लोरिया कधी इंग्रजीत मोठ्या अक्षराने गाव लिहायची, कधी लहान. हेमंतच्या लॅपटॉपला दोन्ही एकच वाटायचं, सर्व्हरला ती दोन वेगळी गावं वाटायची. "ग्लोरियाबाय, तुम्ही एक नवीन गाव वसवलंत," हेमंत म्हणाला. ग्लोरिया म्हणाली, "मग तिथली बस पण तूच चालू कर." त्या दिवसानंतर मला तो आवडायला लागला असावा. चूक झाली की कोणाची ते न बघता तो आधी दुरुस्त करायचा, मग ती वहीत लिहायचा, आणि पुन्हा ती चूक व्हायची नाही.

एक चूक मात्र राहिली, आणि तिच्यात माझा वाटा त्याच्यापेक्षा मोठा आहे. आम्ही नवं यंत्र घेतलं. त्याचे रिपोर्ट ते यंत्र आपल्याच एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं, गावांच्या फोल्डरांबाहेर. मला ते सगळं एकाच लिंकवर हवं होतं, आणि त्याच आठवड्यात हवं होतं. हेमंतने एक सोपी युक्ती केली. फाइलच्या पत्त्यात दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ लिहिली की कंप्यूटर आहे त्या फोल्डरमधून बाहेर पडून एक पायरी वर जातो. तसं तीनदा लिहिलं की घराच्या फोल्डरमधून गावाच्या, गावाच्या फोल्डरमधून सगळ्या गावांच्या, तिथून सगळ्यांच्या वर, आणि मग तिथून यंत्राच्या फोल्डरमध्ये उतरायचं. काम झालं. पेशंटच्या लिंकमध्ये ती टिंबं आणि रेघा दिसायच्या, पण त्याकडे कोण बघतो... हेमंत तेव्हाच म्हणाला होता, "ताई, हे तात्पुरतं आहे. साइट आपल्या लिंकवर विश्वास ठेवून वर चढते. उद्या कोणी स्वतः टिंबं लिहिली तर त्याच्यासाठीही चढेल. ती विचारणार नाही, तू कोण आणि वर काय काम आहे." नीट करायचं तर सगळे रिपोर्ट हलवावे लागणार होते, जुन्या लिंका रद्द होणार होत्या आणि दोन दिवस साइट बंद राहणार होती. मी म्हटलं, बघू सवडीने. सवड म्हणजे काय ते लॅब चालवणाऱ्या माणसाला विचारा.

हे असंच दीड वर्ष चाललं. मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, तापाची साथ जोरात असताना, एका गुरुवारी हेमंतने मला मागे बोलावलं. साइटवर कोण आलं, केव्हा आलं, काय मागितलं याची सर्व्हर आपोआप नोंद ठेवतो. ती नोंद हेमंत दर आठवड्याला ओळीओळीने वाचायचा. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. मागच्या शनिवारी कोणीतरी एकदा टिंबं लिहून गावाच्या फोल्डरपर्यंत गेलं. दोन दिवसांनी दोनदा लिहून त्याच्या वर. आणि काल तिथून दुसऱ्या गावात उतरायचा प्रयत्न केलाय."

"ते आपोआप चालणारे प्रोग्राम असतात ना? तूच सांगितलं होतंस, दिवसभर कोणत्याही साइटची दारं ठोठावत फिरतात म्हणून."

"ते एका मिनिटात शंभर दारं ठोठावून निघून जातात. हा एक पायरी चढतो आणि जातो. दोन दिवस विचार करतो. आणि त्याने जे गाव लिहिलंय ना, ते इंग्रजीत ग्लोरिया लिहितात तसंच लिहिलंय. बाहेरच्या कोणाला ते असं लिहायचं सुचणार नाही."

कोणाच्या लिंकवरून आला ते कळत होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. ती लिंक एका म्हाताऱ्या बाईंची होती आणि त्यांच्या नातीने ती वाडीच्या ग्रुपवर टाकलेली होती, कारण पाकिटं वाटायची तशा आमच्या लोकांनी लिंकाही वाटायला सुरुवात केली होती. तीस-चाळीस घरांत ती पोचलेली. हेमंतने ती लिंक बंद केली. पुढच्या आठवड्यात तोच कोणीतरी दुसऱ्या लिंकवरून आला, तीही अशीच कुठल्या तरी ग्रुपवरची.

"दोन दिवस द्या," हेमंत म्हणाला.

समोर काउंटरवर रांग दारापर्यंत होती. तापाचे रिपोर्ट लोक तासातासाला मागत होते. मी म्हटलं, "आत्ता दोन दिवस बंद ठेवलं तर लोक मला जिवंत ठेवणार नाहीत. साथ उतरू दे. दिवाळीनंतर बघू." त्याने मान हलवली. तो वाद घालत नसे. आता वाटतं, घालायला हवा होता.

साथ उतरली नव्हती तेव्हाच एक दिवस एक बाई आल्या. शेजारच्याच गावातल्या, नाव लिहीत नाही. गर्दी कमी होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या, मग काउंटरशी येऊन हलक्या आवाजात विचारलं, "आमच्या मुलीचा रिपोर्ट आणखी कोनी नेला काय?" मुलीचं लग्न ठरलेलं मोडलं होतं. रक्ताच्या एका तपासणीत काहीतरी निघालं होतं, औषधही लागत नाही असं, फक्त नवऱ्या मुलाची तीच तपासणी करून घ्यावी लागते एवढंच. घरचे ते स्वतःच सांगणार होते. पण त्याआधीच मुलाकडच्यांकडे तो रिपोर्ट होता, मोबाइलवर, आमच्या लॅबच्या नावासकट. "आमी कोनाला दिला नाय," बाई म्हणाल्या, "तिच्या मामाला पन नाय." मी त्यांना सांगितलं की तुमच्या वाडीतल्या कोणीतरी पाकीट नेलं असेल, त्याने फोटो काढला असेल. हे सांगताना माझा आवाज अगदी ठाम होता. त्या "असंल" म्हणाल्या आणि निघून गेल्या. तो रिपोर्ट कपाटातून गेला की साइटवरून, हे मला आजही माहीत नाही. माहीत नसताना मी ठाम बोलले, एवढं मात्र माहीत आहे.

त्या गुरुवारी मी हे हेमंतला सांगितलं. त्याने रक्त तपासणीच्या एका कोऱ्या फॉर्मच्या मागे एक ओळ लिहिली आणि माझ्या हातात दिली. लिंक, तिच्यापुढे टिंबं आणि रेघा, शेवटी एका फाइलचं नाव. "सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये मी चाचणीसाठी एक कागद ठेवलाय. तुमच्या फोनवर ही ओळ जशीच्या तशी टाइप करा. तो कागद उघडला तर समजा, लॅबमधलं सगळं उघडं आहे. दोन मिनिटांचं काम आहे ताई. मी सांगून तुम्हाला खरं वाटत नाही, तुम्ही स्वतः बघा."

"कोणाचा कागद ठेवलास? पेशंटचा नको हं."

"माझाच आहे. दुसऱ्याचा कसा ठेवीन?"

मला वाटलं, कोरा कागद असेल, नाहीतर त्यावर त्याने स्वतःचं नाव टाइप केलं असेल. मी तो फॉर्म पर्समध्ये टाकला. खरं वाटत नव्हतं असं नाही. खरं आहे हे ठाऊक होतं म्हणूनच बघायचं टाळत होते. बघितलं असतं तर त्याच दिवशी बंद करावं लागलं असतं.

त्यानंतर तो एकदाच आला, दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी. स्टुलावर न बसता भिंतीला टेकून उभा होता. मी यंत्रात सॅम्पल लावत होते, माझी पाठ त्याच्याकडे होती. तो म्हणाला, "ताई, तो वरपर्यंत पोचला."

"काय नेलं?"

"काही खास नाही. माझाच कागद. तीनदा उघडून बघितलाय."

"मग बरं झालं, दुसऱ्या कोणाचं काही नाही गेलं," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "दिवाळीनंतरचे दोन दिवस नक्की ठरवा." आणि गेला. आमचं शेवटचं बोलणं एवढंच. दिवाळी झाली, त्याच्या पुढच्या मंगळवारी वैशालीचा फोन आला.

त्याच्या घरी मी त्याआधी कधी गेले नव्हते. माणसं जमलेली, अंगणात खुर्च्या, त्याची आई ओटीवर भिंतीला टेकून बसलेली. मी जवळ गेले तर तिने माझा हात धरला आणि विचारलं, "तूच काय ती लॅबवाली? तुज्याकडं तर सगल्यांचं रक्त असतं. याचं कवा नाय बगितलंस?" आजूबाजूच्या बायका तिला गप्प करायला लागल्या. मी म्हटलं, "नाही बघितलं, आई." ते खरंच होतं. सात वर्षं दर आठवड्याला तो माझ्या लॅबमध्ये येत होता आणि त्याच्या हाताला मी कधी सुई लावली नव्हती. तपासणी त्याने मुंबईत करून घेतली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी मी त्याच्याच ओळखीतल्या एका मुलीला बोलावलं. श्रुती, विरारला राहते, हेमंतने तिला सुरुवातीला काम शिकवलं होतं. तिने अर्धा तास साइट बघितली आणि विचारलं, "मॅडम, वरचे सगळे फोल्डर उघडे आहेत, तुम्हाला माहितीये का?"

"माहीत आहे."

"कधीपासून?"

मी पर्समधून तो फॉर्म काढला, फोनवर ती ओळ टाइप केली. लिंक, तीन वेळा टिंबं आणि रेघ, फाइलचं नाव. दोन मिनिटंही लागली नाहीत. मुंबईतल्या एका हॉस्पिटलचा रिपोर्ट उघडला, वर हेमंतचं नाव आणि वय. हृदयाचा रिपोर्ट होता. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं हे कागद हाताळते आहे. पहिल्या पानावरच कळलं. शेवटी लिहिलं होतं, लगेच दाखल व्हावे. तारीख गौरी-गणपतीनंतरची होती.

श्रुतीने सर्व्हरची नोंद उघडून ती फाइल कोणी कोणी मागितली ते शोधलं. हेमंतने ती ठेवली त्याच आठवड्यात त्या अनोळखी माणसाने ती उघडली होती, एकदा, मग दुसऱ्या दिवशी दोनदा. त्यानंतर मी, आत्ता. बाकी कोणी नाही. म्हणजे हेमंतच्या जिवाला काय धोका आहे हे हेमंतनंतर पहिल्यांदा कळलं ते अशा माणसाला, ज्याचा चेहराही आम्हाला माहीत नाही. आणि हेमंतला हे ठाऊक होतं, माझ्या पाठीमागे भिंतीला टेकून त्याने मला ते सांगितलंही होतं. मी म्हणाले होते, मग बरं झालं.

मला कळावं म्हणून त्याने तो कागद तिथे ठेवला, असं मला एक-दोघांनी सुचवलं. मला ते पटत नाही. त्याला सांगायचं असतं तर त्याने तोंडाने सांगितलं असतं. चाचणीला दुसऱ्याचा कागद वापरायचा नाही हा त्याचा नेम होता, आणि हाताशी असलेला स्वतःचा कागद तेव्हा तोच होता. इतकं साधं असावं. पण त्याने ती ओळ दिली त्याच दिवशी मी टाइप केली असती तर त्याला मी त्याच संध्याकाळी गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं असतं, ओढून नेलं असतं. यात नशिबाचा काही संबंध नाही. एक काम होतं, ते मी केलं नाही.

साइट मी त्याच तासाला बंद केली. मग तो रिपोर्ट छापून वैशालीकडे घेऊन गेले. न्यावा की नाही याचा विचार मी केला होता, पण दुसऱ्याचा कागद आपल्याकडे ठेवून गप्प बसायचं हे पुन्हा करायचं नव्हतं. तिने सगळी पानं उभ्यानेच वाचली. तारखेवर तिचं बोट थांबलं. मी तिला सगळं सांगितलं, टिंबं, पायऱ्या, तो माणूस, तीनदा उघडलेली फाइल. मग ती म्हणाली, "म्हणजे महिनाभर हे कोणालाही बघता येत होतं. फक्त मला नाही."

"मलाही येत होतं. मी बघितलं नाही."

"हॉस्पिटलला मी परवा फोन केला होता, त्यांचं एक कार्ड सापडलं म्हणून. त्यांनी सांगितलं, दिवाळीनंतर येतो म्हणाले होते." तिने कागद दुमडले. "तुम्ही दोघं सारखेच, ताई." मग तिने विचारलं, "ज्याने वाचलं तो आपल्याकडचाच असेल?"

"असेल."

"मग मैताला आला असेल."

त्या दिवशी अंगणात दीडशे-दोनशे माणसं तरी होती. मी सगळ्यांना नमस्कार केला होता.

पोलिसांत तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ज्यांचे रिपोर्ट त्या फोल्डरांत होते त्या प्रत्येकाला मी आणि ग्लोरिया फोन करतो आहोत. काही जण रागावतात, काही जण म्हणतात, जाऊ द्या ताई, आमचं कोण बघणार. त्यांना मी आता सांगते की कोणीतरी बघतं. ज्यांचे नंबर बदलले आहेत, जे आम्हाला सापडले नाहीत, त्यांनी हे वाचलं तर लॅबमध्ये यावं. मोडलेल्या लग्नाच्या त्या बाईंकडे मी स्वतः जाऊन आले. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत.

ग्लोरिया हल्ली ज्याचं पाकीट त्याच्याच हातात देते आणि सही घेते. तिच्या मावशीची नणंद दोन आठवडे तिच्याशी बोलत नव्हती. "मी काय चोर?" असं तिने भर काउंटरवर विचारलं. ग्लोरिया म्हणाली, "तू नाय गं. पण कोण ते कळेपर्यंत सगळ्यांनीच सही करायची."

श्रुतीने नवी साइट बनवली. फोल्डरांना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. पेशंट काय लिहितो यावरून साइट आता एक पाऊलही चालत नाही. आधी पूर्ण पत्ता स्वतः तपासते, तो ठरलेल्या फोल्डरच्या आत असेल तरच फाइल उघडते. सुरू करायच्या आधी ती म्हणाली, "मॅडम, चाचणीला एक खरा रिपोर्ट लागेल. कोणाचा घेऊ?" मी म्हटलं, माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मी बाकावर रांगेत बसले, नंबर आला तेव्हा हात पुढे केला. कितीतरी वर्षांत मी स्वतःचं रक्त तपासलं नव्हतं. रिपोर्ट अगदी निर्दोष नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर घरात नवरा, मुलगा, सासूबाई सगळ्यांसमोर तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला, आणि मग श्रुतीला दिला.

गेल्या शुक्रवारी साइट सुरू झाली. मागच्या खोलीतल्या त्या स्टुलावर आता सकाळी काउंटर उघडायच्या आधी मी बसते आणि सर्व्हरची नोंद ओळीओळीने वाचते. सोमवारी तो आला होता. टिंबं, रेघ, आणि मग थांबला. बुधवारी दोन पायऱ्या. काल त्याने फाइलच्या जागी माझं नाव लिहिलं होतं. त्याला काही मिळालं नाही. मी वेळ वहीत लिहून घेतली आणि दार उघडायला गेले.